मुंबई-गोवा महामार्ग: आपण पोहोचतो, आपला माल पोहोचतो का?

कातळसडा

नमस्कार मंडळी. गणपती जवळ आले की 'रस्ता कसा आहे, किती तास लागले' हा धागा इथे दरवर्षी निघतो. तो निघायलाच हवा, मीही वाचतो. यंदा मात्र मला वेगळं विचारायचंय.

पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आता ६६. पनवेलच्या पळस्पे फाट्यापासून थेट कन्याकुमारीपर्यंत, १,६०० किलोमीटरहून लांब. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. इतकी वर्षं आपण सगळे एकाच गोष्टीवर बोलतोय, मुंबईहून गोव्याला किती तासांत पोचणार. मी राजापूर तालुक्यात राहतो. आमच्यासाठी हा गोव्याचा रस्ता नाहीच. बाजार, दवाखाना, कॉलेज, आंब्याची गाडी, सगळं ह्याच रस्त्यावरून चालतं.

म्हणून प्रश्न असा: जेवढा रस्ता चौपदरी झाला, त्याचा तुमच्या धंद्याला, शेतीला, रोजच्या जाण्यायेण्याला खरोखर काय उपयोग झाला? रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी, दुकानदारांनी जरूर लिहा.

चाकरमानी_डोंबिवली

उपयोग झाला, आणि मोठा झाला. गावाला आईवडील एकटे असले की प्रत्येक तास मोलाचा असतो. कशेडी घाटात रात्री ट्रक बंद पडला की लाल डब्यात बसल्या जागी उजाडायचं. आता तिथे सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे. २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू छोट्या गाड्यांसाठी उघडली तेव्हा आमच्या गाडीतल्या सगळ्यांनी आत शिरताच 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं होतं. घाटात पाऊण तास जायचा, तो काही मिनिटांवर आला.

'मुंबईहून किती तास' या प्रश्नाला नावं ठेवू नका. तो प्रश्न विचारणारा प्रत्येक जण पर्यटक नसतो. वडिलांना रात्री त्रास झाला तर मी पहाटेपर्यंत पोचेन की नाही, हे त्यात असतं.

कातळसडा

@चाकरमानी, नावं ठेवत नाही हो. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त तेवढाच एक प्रश्न उरलाय, ही माझी तक्रार.

रुचिरा_प

वडखळला थांबून वडापाव खाण्याची प्रथा चालू आहे का? बाह्यवळण झाल्यापासून आमची गाडी सरळ पुढे जाते आणि मुलं रुसतात.

चाकरमानी_डोंबिवली

चालू आहे, फक्त मुद्दाम आत वळावं लागतं. पेणमधून पोह्याचे पापड घ्यायचे असतील तर तेही तसंच. नवऱ्याला आधी सांगून ठेवा, फाटा निघून गेला की कोणीही गाडी मागे घेत नाही. :)

खाडीपार

धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या रस्त्याला आपण कोकण किनारपट्टीचा महामार्ग म्हणतो, पण पनवेल सोडल्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत समुद्र दिसत नाही. रस्ता किनाऱ्यापासून बराच आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी जवळ राहून जातो. कारण सोपं आहे. किनाऱ्याने जायचं तर दर थोड्या अंतरावर रुंद खाडी आडवी येते. आत गेलं की तीच नदी छोट्या पुलाने ओलांडता येते.

आता रस्त्यावरची जुनी गावं बघा. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. ही सगळी खाडीच्या वरच्या टोकाला वसलेली आहेत, भरतीचं पाणी जिथवर पोचायचं तिथे. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने महाड, दाभोळच्या खाडीतून वाशिष्ठीने चिपळूणचं गोवळकोट, जयगडच्या खाडीतून शास्त्रीने संगमेश्वर, विजयदुर्गच्या खाडीतून खारेपाटण. गलबतं इथवर यायची आणि देशावरून बैलांच्या पाठीवर घाट उतरलेला माल इथे गलबतात चढायचा. महाडच्या डोक्यावर वरंध, चिपळूणच्या कुंभार्ली, राजापूरच्या अणस्कुरा, खारेपाटणच्या वर बावड्याचे घाट. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती उगाच नाही. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली हे आपण शाळेत शिकलो, पण राजापूर त्या काळी केवढं मोठं बंदर होतं हे कोणी सांगितलं नाही.

म्हणजे कोकणाचा व्यापार मुळात पूर्व-पश्चिम होता, घाट ते बंदर. मुंबईचं जाणंयेणं बोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बोट लागत जायची आणि पावसाळ्यात बंद असायची. उत्तर-दक्षिण पक्का रस्ता झाला, त्याने ही खाडीटोकाची गावं एका ओळीत जोडली आणि बारमाही केली. त्यांचं भलं झालं. पण दाभोळ, जयगड, वेंगुर्ला यांच्याकडे माल जाण्याचं कारणच संपलं. रस्ता एखाद्या गावाला वर काढतो तेव्हा दुसरं गाव मागे पडतं, हे आपल्या किनाऱ्यावर एकदा घडून गेलंय. आता चौपदरीकरणाने बाह्यवळणं आणि उड्डाणपूल आले आहेत. यावेळी मागे पडायची पाळी कोणाची, हा प्रश्न @कातळसडा यांच्या प्रश्नाच्या पोटातच आहे असं मला वाटतं.

मालवणी_झील

@खाडीपार, पाळी आमच्या बाजारपेठेची. कणकवलीचो उड्डाणपूल झालो आणि बाजारात गाडी लावूक जागा गावली, ह्यां खरां. पण वरसून गेलेलो मुंबयकार खाली उतरणा नाय, तेचां काय? पैली चाय पिऊक थांबलेलो माणूस जाता जाता काजूचो पुडो तरी घेऊन जाय.

खाडीपार

अगदी हेच.

देवगडची_पेटी

आंब्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहिते. घरची कलमं आहेत, मोसमात पेट्या भरण्याचं सगळं काम मी बघते.

आंबा सकाळी उन्हं चढायच्या आत झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) उतरवायचा, देठ ठेवून. सावलीत पसरायचा, दुपारनंतर मोजून प्रतवारी लावायची. पेटीत तळाला पेंढा, मग फळं, मग पुन्हा पेंढा. हल्ली पुठ्ठ्याचे खोके पण चालतात, पण वाशीला लाकडी पेटी अजून जाते. संध्याकाळी टेम्पो वाडीवाडीतून पेट्या गोळा करतो, नाक्यावर मोठ्या गाडीत भरतो. ही गाडी पहाटे वाशीच्या मार्केटमध्ये लागली पाहिजे. सकाळच्या बोलीला माल हजर नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत फळ एक पायरी पुढे गेलेलं असतं आणि भाव एक पायरी खाली. मार्चमध्ये, माल कमी असतो तेव्हा हा फरक फार जाणवतो.

त्यामुळे मला विचाराल तर रस्त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वेगाचा नाही, भरवशाचा आहे. गाडी नेहमी अमुक वाजता पोचते हे माहीत असलं की दुपारी अर्धा तास जास्त प्रतवारी करता येते. तळेऱ्यापासून पुढे राजापूर, लांजापर्यंत रस्ता चांगला झाल्याने तेवढा भाग निर्धास्त झाला. खरी अडचण वर आहे. माणगाव, इंदापूरच्या बाजारात गाडी अडकली की खालचा वाचवलेला सगळा वेळ तिथे जातो. आमचे आंबे कोकणातून वेळेत निघतात आणि मुंबईच्या दारात येऊन थांबतात.

आणि खड्डे. खड्ड्यांच्या दणक्याने हापूसमध्ये साका होतो, म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या फळाचा गर आतून खराब निघतो, हे सगळेच बागायतदार सांगतील.

आंबेकाढणी

@देवगडची_पेटी ताई, बाकी प्रत्येक शब्दाशी सहमत, पण साक्याचा रस्त्याशी संबंध नाही. साका झाडावरच तयार होतो. जास्त पिकू दिलेलं फळ आणि तापलेल्या जमिनीची उष्णता ही त्याची मुख्य कारणं मानतात. म्हणून फळ थोडं आधी, साधारण ८०-८५ टक्के तयार असताना काढायला सांगतात आणि बागेत झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवायला सांगतात. दणक्याने फळाला मार लागतो, पिकताना तिथे काळा डाग पडतो आणि तो भाग सडतो. नुकसान दोन्हीकडे आहे, पण उपाय वेगळे आहेत. साक्यासाठी बागेत काम करायला हवं, डागासाठी रस्त्यावर.

देवगडची_पेटी

बरोबर. आमच्याकडे दोन्हीला सरसकट साकाच म्हणतात. पण गिऱ्हाईक पेटी उघडतं तेव्हा दोष आमच्याच नावावर जातो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव टिकवायचं तर फळ धड पोचलं पाहिजे.

रात्रपाळी

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळीची गाडी नेतो. कधी मुंबई, कधी खाली गोवा-कारवार. आमच्या धंद्यात घड्याळ म्हणजे बर्फ. भरताना बर्फ आणि मासळी थरावर थर. वाटेत किती उरला ते गाडीखाली पडणाऱ्या पाण्यावरून कळतं. उशीर झाला तर मध्येच कुठेतरी बर्फ विकत घ्यायचा, म्हणजे त्या फेरीतला नफा गेला.

हातखंब्याच्या तिठ्यावर मिऱ्या-नागपूरचा रस्ता येऊन मिळतो. तिथला उतार आणि वळण यांनी फार लोक खाल्ले. लोटे परशुरामच्या रसायनांचे टँकर, गॅसचे टँकर, आमच्या गाड्या, एसटी, शाळेची मुलं, सगळे एकाच रस्त्यावर. टँकर आडवा झाला की रस्ता अर्धा अर्धा दिवस बंद असतो. गॅस असला तर गावं रिकामी करावी लागतात.

एक सांगतो, कोणाला बोचेल. मासळीच्या गाडीतलं पाणी रस्त्यावर सांडतं आणि त्यावर दुचाकीवाले घसरतात. पाणी साठवायची टाकी गाडीला बसवता येते, मी बसवली आहे, नाक्याच्या पुढे नाल्यात सोडतो. सगळ्यांनी बसवली पाहिजे. कोणाच्या मुलाचा जीव आपल्या बांगड्याच्या पाण्यापायी जाऊ नये.

सोलकढी

@रात्रपाळी दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझा भाऊ असाच घसरला होता, पायात सळी आहे.

माझं सांगते. लांज्याच्या पुढे रस्त्याला लागून आमची टपरी होती. उन्हाळ्यात कोकम सरबत, करवंदं, जांभळं, काजूगर. पावसाळ्यात चहा आणि भाजलेला मका. रुंदीकरणात गेली. जमीन ज्यांच्या नावावर होती त्यांना मोबदला मिळाला, ते बाहेर असतात. टपरीवाल्याच्या नावावर काहीच नसतं. मी कचेरीत खेटे घातले, मला सांगितलं की तुमचा व्यवसाय कागदावर नाही. जागेवर वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं, ते कुठल्या कागदावर दाखवू?

आता आम्ही मागे सरकून छपरी टाकली आहे. पण मध्ये दुभाजक. मुंबईकडे जाणारी गाडी आमच्याकडे येऊच शकत नाही. परतीचा माणूस घरी न्यायला आमसुलं, कोकम आगळ घेतो. जाणारा फक्त पाणी घेतो. म्हणजे जे गिऱ्हाईक उपयोगाचं ते पलीकडे.

रस्ता नको असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी रत्नागिरीला शिकते, ती लवकर घरी येते. पण कडेच्या माणसाला बसायला ठरवून जागा दिली असती तर काय बिघडलं असतं?

अभियंता_कोकण

@सोलकढी, तुमचा मुद्दा रस्त्याच्या आखणीत पहिल्या दिवशी यायला हवा होता. रस्त्याच्या कामाच्या अनुभवावरून दोन गोष्टी लिहितो.

पहिली, उशीर का झाला. भूसंपादनात सातबारावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. ठेकेदार बदलले, काही मध्येच सोडून गेले. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. हे सगळं खरं आहे, तरी एवढी वर्षं लागण्याचं समर्थन त्यातून होत नाही. सावित्रीचा इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्यानंतर नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी, जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे ठरवलं तर याच मातीत, याच यंत्रणेकडून होतं.

दुसरी, डोंगर. वर जांभा दगड, त्याखाली पांढुरकी-पिवळी चिकणमाती, आपल्याकडे तिला शेडी म्हणतात. कोरडी असताना भिंतीसारखी उभी कापता येते. पाणी मुरलं की ती लोण्यासारखी सरकते आणि वरचा जांभा घेऊन खाली येते. कोकण रेल्वेने हे अनुभवातून शिकून कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या. रस्त्याला मात्र जागा वाचवण्यासाठी उभे कडे कापले गेले. परशुराम घाटात त्याचा परिणाम दिसला.

दुभाजकाबद्दल: त्यात गाडी वळवायला जास्त ठिकाणी वाट ठेवली तर अपघात वाढतात, हे खरं आहे. उपाय म्हणजे सलग सेवारस्ता आणि ठरावीक अंतरावर खालून जाणारे मार्ग. ते अर्धवट राहिले म्हणून लोक उलट दिशेने गाडी घालतात. त्यांना नुसतं बेशिस्त म्हणून चालणार नाही, समोरच्या शेतात जायला त्यांना कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो.

वाशिष्ठीकाठ

परशुराम घाटाखाली आमचं घर. २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी घाट रोज दुपारी बंद ठेवायचे. पहिल्या पावसात वरचा डोंगर कसा वागतो ते बघत आम्ही रात्री जागायचो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मदतीच्या गाड्या याच रस्त्याने आल्या, आणि पाणी असेपर्यंत याच रस्त्यावर अडकल्या. रस्त्याचं महत्त्व त्या दिवशी कळलं तसं कधीच कळलं नव्हतं.

आणि झाडं. वड, ऐन, आंबा, जांभूळ. दोन्ही बाजूंनी सावलीची कमान होती. तोडली तेवढी लावायची होती. लावलेली कुठे आहेत? बोगनवेल दुभाजकात दिसते, ती सावली देत नाही.

घाटमाथा

मी कोल्हापूरचा, भाजीचा व्यापारी. तुमच्या कोकणातली बरीचशी भाजी, दूध, साखर, कांदा आमच्याकडून आंबा घाट, फोंडा घाट, करूळ घाटाने खाली येतो. @खाडीपार म्हणतात तो पूर्व-पश्चिम व्यापार संपलेला नाही. बैलाऐवजी टेम्पो आला आणि बंदराऐवजी महामार्गावरचा नाका आला. नांदगाव, तळेरे, पाली, हातखंबा इथे माल उतरतो, मग गावागावात जातो. घाट बंद पडला की तुमच्याकडे टोमॅटो महाग होतो. चौपदरीच्या चर्चेत घाटांची दुरुस्ती सगळे विसरतात.

आणि मुंबईचे कितीतरी कोकणी लोक एक्सप्रेसवेने पुणे, कोल्हापूर करून आमच्या घाटांनी गावाला उतरतात. अंतर जास्त, पण रस्ता भरवशाचा. @देवगडची_पेटी यांचा भरवशाचा मुद्दा इथेही लागू.

खाडीपार

मान्य. टेम्पो आणि नाका, हे नीट सांगितलंत.

कारवारहून

मराठी घर, कारवारात वस्ती. आमच्याकडे हाच रस्ता खरोखर समुद्राला चिकटून जातो. मरवंथेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मध्ये रस्ता. पण डोंगर कापण्याचे परिणाम आम्हीही भोगले. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर रस्त्यावर आला, कडेच्या चहाच्या दुकानातलं कुटुंब आणि तिथे थांबलेले ट्रकवाले गेले. तीन आठवड्यांनी काळी नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला. तेव्हा गोव्याहून येणारा माल, मासळी, सगळं नव्या पुलावर एका बाजूने सोडत होते. @रात्रपाळी, तुम्ही त्या दिवसांत आला असाल तर आठवत असेल.

म्हणून चहाच्या टपऱ्यांना जागा द्याच, पण कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी नको. @सोलकढी ताई, तुमची छपरी कुठे आहे ते बघून घ्या.

सोलकढी

आमच्या मागे मोकळा सडा, सपाट कातळ आहे, डोंगर नाही. काळजी केलीत, बरं वाटलं.

रात्रपाळी

आठवतं तर. सदाशिवगडच्या बाजूला रांग लागलेली, बर्फ संपलेला. तिथल्या एका मच्छीमाराने घरातला बर्फ आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

रुचिरा_प

रेवस-रेड्डी सागरी महामार्ग झाला तर ओझं वाटलं जाईल ना? अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ऐकतेय.

खाडीपार

पर्यटकांचं वाटलं जाईल, मालाचं फारसं नाही. अजून बाणकोटची खाडी फेरीबोटीने, दाभोळ-धोपावे फेरीबोटीने, जयगडचीही तशीच. बाणकोटचा पूल कित्येक वर्षं अर्धवट उभा आहे. पूल झाले तर किनाऱ्यावरच्या गावांना एकमेकांशी जोडणारा रस्ता होईल, आणि दाभोळ-वेंगुर्ल्याची जुनी हानी थोडी भरून निघेल. मला तो त्यासाठी हवाय.

मालवणी_झील

फेरीबोट बंद करू नकात हां. पोरांका तेतूच मजा येता.

चाकरमानी_डोंबिवली

रेल्वेचाही विचार करा. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून वेर्ण्याला ट्रक रेल्वेवर चढवून नेते. त्यातला प्रत्येक ट्रक कशेडी, भोस्ते, परशुराम या घाटांतून कमी होतो. २०२५ च्या गणपतीत छोट्या गाड्यांसाठीही ती सेवा सुरू केली. जड वाहतूक रुळावर गेली तर रस्ता टिकेलही जास्त.

कातळसडा

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो. वाचून माझं मत पक्कं झालं: रस्ता रुंद होणं हे निम्मं काम आहे. सेवारस्ता, खालचे मार्ग, आंबा-मासळीच्या गाड्यांना माणगाव-इंदापुरातून सुटका, कडेच्या विक्रेत्यांना दोन्ही दिशांना ठरलेली जागा, हे उरलेलं निम्मं. त्याशिवाय कोकणातून रस्ता जाईल, पण कोकणाला तो मिळणार नाही.

आमच्या ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत मी सेवारस्त्याचा आणि विक्रेत्यांच्या जागेचा ठराव मांडतोय. @अभियंता_कोकण, खालून जाणाऱ्या मार्गाची मागणी कोणाकडे करायची?

अभियंता_कोकण

तुमचा भाग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे येतो. ठरावाची प्रत कार्यकारी अभियंत्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. नुसता ठराव नको. गट क्रमांक, रस्ता ओलांडणारी घरं, शाळेची मुलं, गुरं आणि सध्या पडणारा वळसा किती, याचा नकाशा जोडा. किलोमीटरचे दगड असतात, त्यांचे आकडे लिहा. कागदावर जागा नेमकी दाखवली की उत्तर टाळणं अवघड जातं.

सोलकढी

त्या ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? लांज्यातल्या आम्ही टपरीवाल्या बायका पण देऊ.

कातळसडा

रविवारी टाकतो.